आमेनकाका

आमच्या चर्चमध्ये प्रार्थना संपली की आमेन दोनदा होतं. पहिलं मंडळीचं. उपासना हिंदीत असल्यामुळं त्याचं ‘आमीन’ होतं आणि ते एका दमात उरकतं. पाळकसाहेब डोळे उघडतात, चष्मा सारखा करतात, पुढचं पान काढतात आणि मग डाव्या हाताच्या तिसऱ्या बाकावरून दुसरं निघतं. अस्सल मराठी. ‘आ’ लांब, ‘मे’ त्याहून लांब, आणि ‘न’ तर पंख्याच्या वाऱ्यावर सगळ्या बाकांवरून एक फेरी मारून मगच खाली उतरतो. पोरं या दुसऱ्या आमेनसाठी एक डोळा उघडा ठेवून टपलेली असतात. त्यांनीच ‘आमेन अंकल’ हे नाव पाडलं. आम्ही चार-सहा मराठी घरं आमेनकाका म्हणतो. खरं नाव सभासदांच्या रजिस्टरात आहे, पण ते वर्गणीच्या पावतीपुरतंच लागतं.

काकांना सूर कळत नाही, असं कुणी म्हणालं तर मी काकांची बाजू घेईन. सूर कुठल्या दिशेला आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं आणि ते त्याच दिशेनं निघालेले असतात. पोचायला वेळ लागतो, एवढंच. तालाचंही तसंच. मंडळी दुसऱ्या ओळीवर गेली की काका पहिलीच्या शेवटच्या शब्दाचा निरोप घेत असतात, आणि तोही घाईघाईनं नाही. मी कीबोर्ड वाजवतो, त्यामुळं हे सगळं माझ्या बोटांवर येतं. कडवं संपवून हात उचलावा तर काका एकटे उघडे पडतात. दाबून ठेवावा तर बाकीची मंडळी माझ्याकडे बघते. शेवटी मी शेवटचा स्वर धरून ठेवायला शिकलो. नवख्या माणसाला तो माझा भक्तिभाव वाटतो.

रविवारी काका येतात ते पांढऱ्या शर्टात, मनगटाची बटणं लावून. रायपूरचा मे महिना असला तरी बटणं सुटत नाहीत. काखेत ‘उपासना संगीत’. पुस्तकाला खाकी कव्हर, त्यावर दुसरं खाकी कव्हर, त्यावर रेल्वेच्या जुन्या कॅलेंडरचं तिसरं. आत मात्र शिवण सुटलेली. समोर पडद्यावर हिंदी गीत झळकतं, काका आपल्या पुस्तकात त्याचं मराठी भावंड शोधतात. एकाच विलायती चालीवर हिंदीतही गीत बसवलेलं आहे आणि मराठीतही, असं पुष्कळदा असतं, त्यामुळं निम्म्या वेळा त्यांना ते सापडतं. सापडेपर्यंत एक कडवं गेलेलं असतं. ते सोडून पुढं जाणं काकांच्या तत्त्वात बसत नाही; पहिल्यापासून सुरुवात होते. सापडलंच नाही, तर रेव्हरंड टिळकांचं एखादं भजन त्या चालीत घालतात. भजन चालीत मावत नाही. मग काका चाल वाढवतात.

काका रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. सगळी नोकरी नागपूर-बिलासपूरच्या रुळांवर गेली. २०२२ मध्ये रेल्वेनं गार्डचं नाव बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ केलं, तेव्हा काका केव्हाच निवृत्त झालेले होते, तरी त्यांनी ते मनाला लावून घेतलं. “मॅनेजर हापिसात बसतो. गार्ड शेवटच्या डब्यात बसतो,” हे त्यांचं म्हणणं. आणि शेवटच्या डब्याबद्दल त्यांचं एक अख्खं तत्त्वज्ञान आहे. इंजिन फलाटाला लागलं की गाडी आली असं लोक धरून चालतात. स्टेशनमास्तर तसं धरत नाही. तो शेवटच्या डब्यामागची खूण बघतो. ती दिसली म्हणजे गाडी पुरी आली, वाटेत तुटून मागं काही राहिलं नाही. तेवढी खात्री झाली की मगच मागच्या स्टेशनाला कळवायचं.

“तुम्ही आमीन म्हणता तेव्हा इंजिन आलेलं असतं,” काका मला म्हणाले. “प्रार्थना पुरी आली, हे कोण सांगणार?”

यावर वाद घालता येत नाही, कारण रेल्वेचा नियम खरा आहे.

रेव्हरंड टिळकसुद्धा काकांच्या लेखी आधी रेल्वेचे प्रवासी आणि मग कवी. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे एक मिशनरी भेटले, गप्पा झाल्या, त्यांनी टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून टाकलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. राजनांदगाव आमच्या शेजारचं, त्यामुळं काका ही गोष्ट घरची असल्यासारखी सांगतात आणि सांगताना त्यांची नजर मनगटावरच्या घड्याळाकडे जाते. “दोन वर्षं म्हणाला आणि दोन वर्षांच्या आत! बंगाल-नागपूर रेल्वे होती ती. गाड्या वेळेवर असायच्या.” स्वतः काका एवढे सावकाश का, हा प्रश्न इथं कुणी विचारत नाही.

पुढं टिळकांनी मराठी उपासनेला अभंग आणि भजनं दिली. त्यांच्याही आधी नगरला कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं. काका मूळचे नगरकडचे. त्यांचे आजोबा अशा कीर्तनांत टाळ धरत आणि तेही जरा मागंच असत, असं घरातली माणसं सांगतात. काकांना हे ऐकवलं की ते आणखी मागं जातात, थेट गोव्यापर्यंत. १६१६ साली राशोलला छापलेलं फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’, दहा हजारांवर ओव्या, आणि त्या देवळांतून भाविकांसमोर गायच्या. “दहा हजार ओव्या,” काका म्हणतात, “घाईत कोण गाईल रे?”

घाई आमच्या चर्चमध्ये मात्र नाना परींची आहे. रायपुरातल्या सेंट पॉल्स किंवा सेंट जोसेफ या कॅथीड्रलांसारखं काही आमचं चर्च मोठं नाही. पण माणसं चहूकडची. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, डिसायपल्स, ब्रदरन वगैरे सगळे एका छपराखाली आले. घटना एक झाली, बिशप एक झाले, जमिनीचे कागद एक झाले. लय एक करायची तेवढी राहून गेली.

मागच्या बाकांवर बिश्रामपूरकडची मंडळी बसते. १८६८ साली ऑस्कर लोर नावाचा जर्मन मिशनरी छत्तीसगडात आला, सतनामी लोकांत राहिला आणि त्यानं बिश्रामपूर वसवलं; ही त्या वेळची घराणी. पंथी नाचातल्या मांदर-झांजेचा ठेका अजून अंगात आहे. त्यांचं गीत दुसऱ्या कडव्यापासून वेग धरतं आणि चौथ्यापर्यंत टाचा उचलल्या जातात. उजवीकडे मल्याळी परिचारिकांची कुटुंबं, रात्रपाळी करून आलेली; त्यांना गीत वेळेवर सुरू होऊन वेळेवर संपलेलं हवं असतं. समोर तरुणांची ‘वर्शिप टीम’: दोन गिटार, एक ड्रमसेट, चार माइक. आणि उजवीकडच्या चौथ्या बाकावर एकट्या काकू.

काकू धमतरीच्या. धमतरीत १८९९ साली, दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मेनोनाइट आले. त्या लोकांची जुनी रीत अशी की वाद्य नाही, चार आवाजांत गायचं आणि ज्यानं त्यानं आपला आवाज सांभाळायचा. अमेरिकेत त्यांच्या १९६९ च्या गीतपुस्तकातलं ६०६ क्रमांकाचं स्तुतिगीत इतकं प्रिय झालं, की नुसता आकडा पुकारला तरी अख्खी मंडळी पुस्तकाविना चारही आवाजांत उभी राहते. काकू बोर्डिंगात असताना मिशनच्या मिसबाईंकडून आल्टो शिकल्या आणि तो त्यांनी आजतागायत अर्ध्या सुरानं हलू दिलेला नाही. काका-काकूंनी संसार एका छपराखाली निभावला. बाक मात्र लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात वेगळे झाले.

मुलीनं स्मार्टफोन दिला आणि काकांची बाजू भक्कम झाली. पूर्वी ते फक्त स्वतःच्या जोरावर मागं राहत. आता जगाच्या पाठिंब्यानं राहतात. उपासना संपली की फाटकाबाहेर पोहे-जलेबीच्या ठेल्यापाशी मला गाठतात आणि एक देश दाखवतात.

पहिला सापडला तो स्कॉटलंडच्या पश्चिमेचा, लुईस बेटाचा. तिथल्या फ्री चर्चमध्ये गेलिक भाषेत स्तोत्रं गातात. ऑर्गन नाही, पेटी नाही. पुढचा एक माणूस ओळ सांगतो आणि मग मंडळी ती ओळ उचलते, पण एकसाथ नाही. जो तो आपल्या चालीनं, आपल्या हरकती घेत, आपल्या वेळेला शेवटच्या स्वरावर येतो. शंभर माणसं, शंभर वाटा, आणि वर एकच प्रचंड लाट. काकांनी मोबाइल माझ्या कानाला लावला. डोळ्यांत पाणी होतं. “अख्खं बेट माझ्यासारखं गातंय!”

पुढच्या आठवड्यात अमेरिकेचा दक्षिण भाग आला. तिथं १८४४ साली निघालेलं ‘सेक्रेड हार्प’ नावाचं पुस्तक घेऊन लोक अजून जमतात. स्वरांना त्रिकोण, वर्तुळ, चौकोन असे आकार दिलेले, म्हणजे शेतकऱ्यालाही वाचता यावेत. चार आवाजांचे चार गट चौकोनात एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि पूर्ण ताकदीनं गातात. ऐकायला समोर कुणी नसतंच. जे आहेत ते सगळे गाणारे. “श्रोता नाही, मग बेसूर कुणाला?” काकांनी विचारलं. प्रश्न साधा नव्हता. मी जलेबी संपवली.

मग मिझोराम: तिथं वेल्श मिशनऱ्यांच्या काळात गावचा ख्वांग हा ढोल आधी चर्चबाहेर राहिला, नंतर सन्मानानं आत आला आणि आता त्याच्या संथ ठोक्यावर लोक तास न् तास गातात. मग टोंगा बेटं: स्वर आकड्यांत लिहून चार आवाजांत गाणारी धिप्पाड माणसं. मग इथिओपिया: धर्मपंडितांच्या हातात काठ्या आणि खुळखुळे, मोठा ढोल, आणि उभ्यानं चालणारी लांबलचक उपासना. काठ्या टेकायला असतात हे कळल्यावर काकांना त्या धर्मपंडितांबद्दल विशेष आपुलकी वाटली. मग काँगो. तिथल्या मिस्सेला रोमनं १९८८ मध्ये मान्यता दिली, आणि तीत गौरवगीताला लोक चक्क नाचतात. त्या रविवारी काका गीताच्या वेळी जरासे डोलले. उजवीकडच्या चौथ्या बाकावरून एक नजर आली. काँगो तिथंच संपलं.

पाळकसाहेब मेथडिस्ट घराण्यातले. त्यांनी प्रेमानं जॉन वेस्ली पुढं केले. १७६१ साली वेस्लींनी गीतपुस्तकाच्या शेवटी गाण्याबद्दल सात सूचना छापल्या. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की नम्रपणे गा, इतरांहून वेगळा आवाज ऐकू येईल असं ओरडू नका. तालात गा, पुढं पळू नका, मागं राहू नका. पाळकसाहेबांनी कागद काढून आणला होता. काकांनी तो दोनदा वाचला, खिशातलं पेन काढलं आणि वरच्या एका सूचनेखाली रेघ मारली. अर्धमेल्यासारखं, अर्धवट झोपेत असल्यासारखं गाऊ नका, जोरात आणि हिमतीनं गा, असंही वेस्लींनीच सांगितलं आहे. “ही माझ्यासाठी,” काका म्हणाले, आणि वर्शिप टीमच्या वेळी हाताची घडी घालून उभ्या राहणाऱ्या बाकांकडे पेनानं खूण केली, “बाकीच्या त्यांच्यासाठी.”

काकांचा हा टोला वर्मी बसला. वर्शिप टीम गाते छान. इतकी छान, की मंडळी बघत राहते. चार माइकांसमोर आपल्या आवाजाची काय गरज, असं वाटून एकेक ओठ मिटत जातो. काकांच्या आसपासचा भाग मात्र गातो. कारण सरळ आहे: काकांच्या शेजारी उभं राहिलं की कुणालाही आपला गळा बरा वाटतो. बँकेतले एक साहेब वर्षानुवर्षं पुस्तकात तोंड लपवून नुसते ओठ हलवत. जागा नसल्यामुळं एका नाताळला काकांच्या बाकावर आले आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज आम्हाला ऐकू आला. घोगरा होता, पण आहे हे कळलं. तेव्हापासून ते तिथंच बसतात. त्यांच्या मागं नव्यानं आलेली एक सून, तिच्या मागं आवाज फुटू लागलेली दोन पोरं. चुकण्याची भीती असलेली सगळी जनता हळूहळू डाव्या हाताला जमा झाली आहे.

पास्टरेट कमिटीला हे दिसत नव्हतं असं नाही, पण तक्रारी लेखी होत्या आणि गाणारे लेखी नव्हते. तेव्हा उपाय सुरू झाले. आधी काकांच्या हाती दानाची थैली दिली. गीत चालू असताना माणूस फिरता राहिला की गाणार नाही, हा हिशेब. काका फिरता फिरता गायले. आजवर तिसऱ्या बाकापुरती असलेली गोष्ट घरोघर पोचवल्यासारखी सगळ्या बाकांवर गेली. मग मे महिन्यात त्यांना मोठ्या कूलरशेजारची जागा मानानं देण्यात आली. तो कूलर सुरू झाला की प्रवचनसुद्धा ऐकू येत नाही. काकांनी त्याचा आवाज अजमावला आणि एक पट्टी वर लावली. तीन रविवार दोघांची झुंज चालली. चौथ्या रविवारी कूलर बंद पडला.

शेवटी खजिनदारांना नामी युक्ती सुचली. काकांनाच माइक द्या. एकदा पुढं उभे राहून स्वतःला ऐकलं की आपोआप गप्प होतील. काकांना निरोप गेला. त्यांनी शर्टाला कडक इस्त्री केली, पुस्तकाला चौथं कव्हर घातलं.

रविवार उजाडला. मी चाल एकदा वाजवून दाखवली आणि थांबलो. काका माइकसमोर ताठ उभे होते. त्यांनी मंडळीवरून डावीकडून उजवीकडे नजर फिरवली, सगळं ठीक असल्याची खात्री केली आणि उजवा हात आडवा, रुबाबदार, खांद्यापर्यंत उचलला. आणि वाट बघत राहिले.

मी पुन्हा वाजवलं. काकांनी पुन्हा हात केला. हात बिनचूक होता. गाडी सोडण्याचा अधिकार गार्डचाच. पण ओढायचं काम इंजिनाचं असतं, आणि समोर इंजिन नव्हतं. इतकी वर्षं काका कुणाच्या तरी मागून गात आले होते. पुढं कुणी नाही म्हटल्यावर मागं कुठं राहायचं हेच त्यांना कळेना. माइकमधून फक्त श्वास ऐकू येत होता. वर्शिप टीमची पोरं एकमेकांकडे बघू लागली.

तेवढ्यात उजवीकडच्या चौथ्या बाकावरून आल्टो निघाला. मुख्य चाल नाहीच, नुसता आल्टो. त्यावर बँकेच्या साहेबांनी आपला घोगरा आवाज ठेवला, बिश्रामपूरनं ठेका धरला, आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर माइकमधून पहिली ओळ सुरू झाली. खजिनदारांनी डोळे मिटून घेतले. मंडळी हसली असेल, पण हाताची घडी घालून उभं त्या दिवशी कुणी नव्हतं.

त्यानंतर आला झावळ्यांचा रविवार, इथला खजूर इतवार. छिंदीच्या झावळ्या हातात घेऊन मंडळी रस्त्यानं गात चर्चकडे येते. पुढं ई-रिक्षावर भोंगा आणि वर्शिप टीम. वळणापलीकडे भोंगा ऐकू येत नाही, त्यामुळं दरवर्षी मिरवणुकीचं शेपूट मुकं चालतं. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, गाडीकडे बघणारी पोरं. यंदा कमिटीनं काकांना शिस्तीत सगळ्यांच्या शेवटी ठेवलं. पुढच्यांना ऐकू येऊ नये म्हणून ठेवलं, पण झालं असं की शेपटाला स्वतःचा आवाज मिळाला. चौकात सिग्नलला गाड्या थांबल्या तेव्हा लोकांपुढून गीताचं तिसरं कडवं गेलं, मग थोडी मोकळी जागा गेली, आणि मग पहिलं कडवं आलं. वाहतूक पोलिसाला मिरवणुका दोन वाटल्या. त्यानं मधेच गाड्या सोडायला हात उचलला होता. पुढचे लोक चर्चच्या दारात पोचून, गीत संपवून, घाम पुसत उभे राहिले. पाळकसाहेब आत जाईनात. दुरून दुसरं कडवं येत होतं. मागचे वीसपंचवीस जण फाटकात शिरले, गात होते सगळे, अगदी लेकुरवाळ्याही. सगळ्यात शेवटी काका, एका आजींचा हात धरून. ते आत आल्यावर पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला. आमीन झालं. पाळकसाहेबांनी डोळे उघडले नाहीत, दुसरं झालं तेव्हा उघडले.

खजिनदार मात्र चिकाटीचे. पुढच्या बैठकीत त्यांनी मांडलं की हा विषय घरातूनच सुटेल. काकूंना गाण्याचं अंग आहे, त्यांनीच काकांना प्रेमानं समजवावं, निदान उपासनेपुरतं हळू गायला सांगावं. काकूंना बोलावण्यात आलं. त्यांनी खजिनदारांचं सगळं म्हणणं, वेस्लींच्या सूचनांसकट, शांतपणे ऐकून घेतलं. पदर सावरला आणि आपल्या छत्तीसगढीत एवढंच म्हणाल्या, “ओला इहें गावन देव, साहेब. नइ त घर म गाही.” त्यांना इथंच गाऊ द्या, नाहीतर घरी गातील.

कमिटीतले सगळेच विवाहित होते. विषय एकमतानं निकालात निघाला आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली: कूलरची दुरुस्ती.